३०५ × ३३० चा बोर्ड : कॅबिनेट कोणतं घ्यावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. घरी सीएफडीसाठी (द्रवाच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित) मशीन उभं करतोय. काम पंपांचं : इम्पेलर (पंपाचं फिरतं चाक), पाण्याची टाकी (सम्प) वगैरे. ओपनफोम हे सॉफ्टवेअर वापरतो, आणि त्याला कोअरपेक्षा मेमरी बँडविड्थची भूक जास्त. म्हणून दोन सॉकेटचा सुपरमायक्रो एच११डीएसआय मदरबोर्ड, त्यावर दोन एपिक ७५३२ प्रोसेसर आणि सोळाही स्लॉट भरून रॅम, असा सगळा वापरलेला माल जमवला. टेबलावर पुठ्ठा टाकून चालू करून बघितलं. दोन्ही प्रोसेसर दिसतात, रॅम पूर्ण दिसते.

गाडी अडली आहे कॅबिनेटपाशी. बोर्ड ई-एटीएक्स, म्हणजे मोठ्या मापाचा. इथला दुकानदार म्हणतो, "ई-एटीएक्स लिहिलंय ना साहेब, मग बसणारच." खोक्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय : २८० मिमीपर्यंत. माझा बोर्ड ३०५ × ३३०.

अटी : रॅक नको. रात्रभर चालणार, आणि शेजारच्या खोलीत आई झोपते, त्यामुळे घरघर नको. पुढेमागे एखादं मोठं ग्राफिक्स कार्ड लागेल. रंगीत दिवे नकोत, काच नसली तर उत्तमच. सुचवा.

टॉर्क्स_टी२०
दुकानदाराचं ऐकू नका, मिमी बघा. उंची जवळपास सगळ्यांचीच ३०५, फरक रुंदीत. साधा एटीएक्स २४४. एसएसआय सीईबी (सर्व्हर-वर्कस्टेशनच्या बोर्डांचं एक माप) २६७. खरा ई-एटीएक्स आणि एसएसआय ईईबी, दोन्ही ३३०. मधल्या मध्ये गेमिंग बोर्डवाल्यांनी २६९-२७७ च्या बोर्डांनाही ई-एटीएक्स म्हणायला सुरुवात केली आणि कॅबिनेटवाले तेवढंच माप धरून तोच शिक्का मारायला लागले. म्हणून फ्रॅक्टलच्या साध्या डिफाइन ७ वर ई-एटीएक्सपुढे २८५ मिमीची मर्यादा लिहिलेली असते. त्यांचं खोटं काही नाही, फक्त तुमचा बोर्ड त्यात बसत नाही.

एटीएक्सच्या पुढे तुम्हाला ८६ मिमी लागतात. नेमक्या त्याच पट्ट्यात वायरी मागे नेण्याची रबरी भोकं असतात. म्हणजे बोर्ड कसाबसा बसला तरी बोर्डाला वीज देणारी २४-पिनची जाडजूड केबल आणायची कुठून, हा प्रश्न उरतोच. बोर्डाच्या कडेला आडवे सॅटा (डिस्कचे) पोर्ट असतील तर ते पत्र्याला तोंड लावून बसतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ईईबी आणि ई-एटीएक्सची लांबी-रुंदी एकच असली तरी स्क्रूची भोकं सगळी जुळत नाहीत. तुमचा सुपरमायक्रो ई-एटीएक्स आहे. कॅबिनेटवर नुसतं ईईबी लिहिलं असेल तर स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते छोटे खुंट) हलवता येतात का ते आधी बघा. काही ट्रेवर ते पत्र्यातच ठोकून काढलेले असतात, स्क्रूने निघत नाहीत. असला एखादा उंचवटा बोर्डाच्या भोक नसलेल्या जागी आला तर थेट शॉर्ट.

कोपरखळी
भाऊ, सरळ सुताराला बोलवा. १९ मिमी प्लाय, वर सनमायका, खाली चाकं. देवघराशेजारी शोभून दिसेल.

टॉर्क्स_टी२०
@कोपरखळी, हसण्यावारी नेऊ नका, लोक करतात. पण प्लायमध्ये बोर्डाला आणि कार्डाच्या पट्टीला अर्थिंग वेगळं द्यावं लागतं. लोखंडी कॅबिनेटमध्ये ते एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) स्क्रूंतून आणि स्टँडऑफमधून आपोआप मिळतं. शिवाय पाल.

कोपरखळी
पाल हा निर्णायक मुद्दा आहे. प्रस्ताव मागे.

निळावंती
आमचं गोरेगावला छोटं व्हीएफएक्सचं (सिनेमातल्या संगणकी दृश्यांचं) दुकान आहे, त्यामुळे असली धूडं रोज उघडते. ग्राफिक्स कार्ड "पुढेमागे" घेणार असाल तर आत्ताच एक गोष्ट मोजा. स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी असतं आणि एटीएक्सच्या उंचीत सात स्लॉट मावतात. बहुतेक कॅबिनेटला मागे सातच पट्ट्या (कार्डाचं तोंड बाहेर काढायच्या जागा) असतात. आता सातव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्लॉटमध्ये दोन पट्ट्यांचं कार्ड लावायचं म्हटलं तर आठवी पट्टी लागते. ती नसली की कार्ड स्लॉटमध्ये जातं, पण पट्टी कॅबिनेटच्या पत्र्यावर आदळते. चार कार्डांची मशीनं बांधताना लोक इथेच अडकतात. सात स्लॉटवाले थ्रेडरिपर प्रोचे (एएमडीचे वर्कस्टेशन प्रोसेसर) बोर्ड (असुसचा डब्ल्यूआरएक्स९०ई-सेज वगैरे) घेतले की हमखास. म्हणून सातपेक्षा जास्त पट्ट्यांचंच कॅबिनेट बघा.

आणि हवा कुठून कुठे जाणार ते ठरवल्याशिवाय कंपनीचं नाव काढू नका. तुमच्या बोर्डावर रॅम उभी आहे की आडवी? टॉवरमध्ये बोर्ड उभा केल्यावर कशी दिसेल ते सांगा.

गोदाकाठ
@निळावंतीताई, आडवी. पुढून मागे जाणाऱ्या रेषेत. कूलर नॉक्टुआचे एनएच-यू९ टीआर४-एसपी३, दोन. उंची १२५ मिमी, त्यामुळे बाजूचा पत्रा लागणार नाही.

निळावंती
तेच विचारायचं होतं. सर्व्हरचे बोर्ड रॅकसाठी आखलेले असतात. रॅकमध्ये वारा पुढून मागे सुसाट जातो, म्हणून रॅम त्याच रेषेत ठेवतात आणि सॉकेटही डेस्कटॉपच्या थ्रेडरिपर बोर्डांपेक्षा ९० अंशांत फिरवलेलं असतं. हे नॉक्टुआचे कूलर एकाच दिशेने बसतात, त्यामुळे तुमच्या टॉवरमध्ये ते खालून वर फुंकणार. गरम हवा छताकडे जाणार. तेव्हा वरून हवा बाहेर काढणारं कॅबिनेट हवं. वरचा पत्रा बंद असेल तर दोनशे-दोनशे वॅटची ऊब तिथेच घुटमळेल.

टॉर्क्स_टी२०
+१. मी फ्रॅक्टल टॉरेंट सुचवणार होतो, आता खोडतो. ईईबी घेतं, पुढे १८० मिमीचे दोन पंखे, तळाला १४० चे तीन, हवेच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. पण त्यात एसएमपीएस वर असतो आणि छत बंद. वर फुंकणाऱ्या कूलरला ते सोयीचं नाही. शिवाय पट्ट्याही सातच.

उरतात दोन. फ्रॅक्टलचं मेशिफाय २ एक्सएल (डिफाइन ७ एक्सएल हा त्याचाच बंद तोंडाचा भाऊ) आणि फँटेक्सचं एन्थू प्रो २. दोन्हींना ३३० चा बोर्ड चालतो, दोन्हींचं छत जाळीचं करता येतं किंवा आहेच. फ्रॅक्टलच्या एक्सएलमध्ये तर ३४७ मिमी उंचीपर्यंतचे बोर्डही जातात. सुपरमायक्रोचे काही बोर्ड त्या मापाचे असतात.

शांतताप्रिय
आवाजाची अट आहे ना? मग डिफाइन ७ एक्सएल. दारांना आतून आवाज शोषणारा थर असतो. माझ्याकडे साधं डिफाइन आहे, टेबलाखाली चालू आहे की बंद ते दिवा बघून कळतं.

टॉर्क्स_टी२०
तुमच्या मशीनवर लोड किती वेळ असतो? यांचं रात्रभर ४०० वॅट फक्त प्रोसेसरचे, वर सोळा रॅमचे साठ-सत्तर. बंद तोंडातून तेवढी हवा ओढायला पंखे जोरात फिरवावे लागतात. जाळीचं कॅबिनेट आणि हळू फिरणारे १४० चे पंखे, लांबच्या लोडला हेच शांत पडतं.

शांतताप्रिय
मला पटत नाही. कॉइलची शिट्टी आणि हार्ड डिस्कची खरखर जाळीतून सरळ बाहेर येते, ती पंख्याने झाकली जात नाही. पण ४०० वॅटचा अनुभव मला नाही, त्यामुळे थांबतो.

वऱ्हाडी_ठेचा
अकोल्याहून लिहून राहिलो. भाऊ, हे परीक्षणवाले एसी खोलीत बसून तापमान मोजतात. खोली २५ ची ४२ झाली का आतला हर एक आकडा तेवढाच वर जाते. तुमच्या नाशकात ४० पकडा. परीक्षणात ६८ दिसलं तर तुमच्याकडे ८३ समजा.

अन् एक. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लावत असाल तर त्याच्या तोंडासमोर मशीन ठेवू नका. गवताची ताटी जुनी झाली का बारीक थेंब उडतात, ते वाळले का पांढरा क्षार. आमच्या ऑफिसातल्या एका मशीनच्या जाळीवर असा थर जमला होता का स्क्रूड्रायव्हरनं खरवडावा लागला.

समुद्रवारा
रत्नागिरीत क्षार लावायला कूलर लागत नाही :) इकडे कापलेल्या पत्र्याच्या कडा आधी गंजतात. कोकणातल्यांनी स्लॉटच्या पट्ट्या आणि ट्रेच्या कडांना रंग नीट लागलाय ना ते बघून घ्यावं.

हडसनपार
मी अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. इकडे सगळी मॉडेलं सहज मिळतात, म्हणून भारतातले मित्र "येताना घेऊन ये ना" म्हणतात. त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहितो. बहुतेक विमान कंपन्यांची बॅगेची मर्यादा लांबी + रुंदी + उंची मिळून १५८ सेंमी आणि २३ किलो. डिफाइन ७ एक्सएल नुसतंच ६० × २४ × ५७ च्या आसपास, म्हणजे १४१. थर्मोकोल आणि खोक्यासकट ७० × ३५ × ७० धरा, बेरीज १७५. काउंटरवर जादा पैसे.

कुरिअर त्याहून वाईट. ते वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते लावतात, आणि आकारमानाचं वजन म्हणजे घन सेंटिमीटर भागिले ५०००. ७० × ३५ × ७० = १,७१,५००, म्हणजे ३४ किलोचं बिल. आत असतं सोळा-सतरा किलोचं लोखंड आणि बाकी पोकळी. वर कस्टम. भारतात जे मिळतंय त्यातलंच घ्या.

पेठेतला
हाच बोर्ड मोठा म्हणायचा तर ईव्हीजीएचा एसआर-२ आठवा. २०१० चा, दोन झिऑन, ३४५ × ३८१. त्या मापाला एचपीटीएक्स नाव पडलं आणि ते बसवायला मोजकीच कॅबिनेटं होती. अमेरिकेत केसलॅब्स म्हणून कंपनी होती, हवं ते माप जोडून द्यायची, अ‍ॅल्युमिनियमची, फ्रिजएवढी. २०१८ त बंद पडली. जुनी अजून लोक जपून आहेत.

अवांतर झालं, चालू द्या. वाखुसा (वाचनखूण साठवली).

गोदाकाठ
मंडळी, मनापासून आभार. काल पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि संगणकाच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. बोर्ड नेला नाही. त्याऐवजी बोर्ड ड्रॉइंगच्या कागदावर ठेवून कड आखली, प्रत्येक भोकात पेन्सिलचं टोक घालून खूण केली, कागद बाइंडिंगच्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापला आणि दाभणाने भोकं पाडली. २४-पिन, दोन्ही ८-पिन (प्रोसेसरच्या विजेचे) आणि सॅटा जिथे येतात तिथे लाल रेघा मारल्या.

पहिल्या दोन दुकानांत कुणी खोकं उघडायला तयार नव्हतं. तिसऱ्याकडे एन्थू प्रो २ बाहेर मांडलेलं होतं. मालक तरुण, त्यालाच उत्सुकता. बाजूचा पत्रा काढून पुठ्ठा आत धरला. आयओची (मागच्या पोर्टांची) कड मागे टेकवली आणि दाभणाच्या भोकांतून मोबाइलची बॅटरी मारून खाली स्टँडऑफ दिसतात का ते एकेक करून पाहिलं. उजव्या कडेच्या दोन भोकांखाली नुसता काळा पत्रा, पण बाजूलाच आटे पाडलेली छिद्रं होती. उलट एक स्टँडऑफ अशा जागी होता जिथे माझ्या बोर्डाला भोकच नाही. मालकाने तिथल्या तिथे नटड्रायव्हरने तो काढला, दोन नवीन लावले. मग पुठ्ठा सगळीकडे जुळला.

लाल रेघांनी आणखी एक दाखवलं. २४-पिनच्या बाजूला पुठ्ठा आणि केबलच्या भोकाची कड यात माझी दोन बोटं जातात. तिथून वळवता येईल. त्याच दुकानात दुसऱ्या एका "ई-एटीएक्स" कॅबिनेटमध्ये पुठ्ठा धरला, तर तो पंख्यांच्या पट्टीवरच चढला.

एन्थू प्रो २ घेतलं. बाजूला बंद पत्र्याचं मॉडेल, काच नाही.

टॉर्क्स_टी२०
झकास. पुठ्ठा फेकू नका. त्या मॉडेलसोबत पंखे येत नाहीत, त्याचं बजेट वेगळं धरा. पुढे तीन, वर दोन, मागे एक, सगळे १४० चे किंवा जिथे जे बसेल ते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे धूळ जाळीवर अडेल, फटींतून ओढली जाणार नाही.

एखाद्या भोकाखाली स्टँडऑफ लावता आला नाही तर नायलॉनचा टेकू द्या. उजवी कड अधांतरी ठेवून २४-पिन दाबला तर बोर्ड वाकतो आणि सोळा रॅमच्या भाराने आधीच ताण असतो.

बीएमसी_बाबा
(महापालिका नव्हे, बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर : बोर्डावर देखरेख करणारी चिप.)

आता खरी गंमत. पंखे जोडून चालू कराल, दहा सेकंद शांत, मग सगळे पंखे जेट विमानासारखे, मग शांत, मग परत. मशीन बिघडलेलं नाही. सुपरमायक्रोचा बीएमसी रॅकच्या पंख्यांची सवय असलेला. नॉक्टुआ हळू फिरला की त्याला वाटतं पंखा मेला, आणि तो सगळ्यांना पूर्ण वेगाने सोडतो. वेग वाढला की धोका टळला असं समजून खाली येतो. हा खेळ चालूच.

उपाय : आयपीएमआयटूल (बीएमसीशी बोलायचं सॉफ्टवेअर) वापरून त्या पंख्याच्या खालच्या मर्यादा उतरवा. सेन्सर थ्रेश, पंख्याचं नाव, लोअर, आणि पुढे तीन आकडे चढत्या क्रमाने : नॉन-रिकव्हरेबल, क्रिटिकल, नॉन-क्रिटिकल. पंख्याच्या किमान वेगाच्या बऱ्याच खाली ठेवा, आणि प्रत्येक पंख्यासाठी वेगळं करावं लागतं.

गोदाकाठ
@बीएमसी_बाबा, टेबलावर नेमकं हेच चालू होतं! आई म्हणाली, "गिरणी कधी बंद होणार." आज रात्रीच करतो.

निळावंती
आणखी दोन बारीक गोष्टी. समोरच्या बटणाची वायर : सुपरमायक्रोची जेएफ१ (ही वायर जिथे लागते त्या पिना) डेस्कटॉप बोर्डांसारखी नाही. कॅबिनेटच्या वायरी एकत्र साच्यात असतील तर सुट्या कराव्या लागतील. पॉवरचं बटण १ आणि २ वर, रिसेट ३ आणि ४ वर. समोरच्या टाइप-सीला या बोर्डावर जोडायला काही नाही, आणि आवाजाची चिपच नाही, त्यामुळे त्या दोन वायरी मागे बांधून टाका.

दुसरं, ८-पिन. बोर्डावर ते वरच्या अंगाला, एसएमपीएस तळाला, आणि कॅबिनेट ५८ सेंमीच्या आसपास उंच. वायर बोर्डाच्या मागून फिरवून आणायची म्हणजे साध्या एसएमपीएसची केबल कमी पडते. आधी मोजा.

गोदाकाठ
मोजली. एक पोचते, दुसरी चार बोटं कमी. एसएमपीएस ८५० वॅटचा आहे.

टॉर्क्स_टी२०
८५० आत्ता पुरेल. मोठं कार्ड आलं की बघू. पुढे कधी १६०० चा घेतलात तर बहुतेकांना सी१९ ची जाड केबल येते आणि ६ अँपिअरच्या सॉकेटला ती लावायची नाही, १६ चा पॉइंट काढून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
अन् तो पॉइंट डेझर्ट कूलरच्या पॉइंटवर नको भाऊ.

निळावंती
दुसऱ्या ८-पिनसाठी एक्स्टेंशन चालेल, पण गेज (वायरीची जाडी, आकडा लहान तितकी जाड) विचारा. १८ असेल तर घ्या, २० असेल तर परत करा. आणि जोड मागच्या बाजूला येऊ द्या, पंख्याच्या पात्यात नको.

गोदाकाठ
पाकिटावर १८ एडब्ल्यूजी लिहिलंय. बसवला. आत्ता मागचा पत्रा लावतोय, तो थोडा फुगतोय, दोन्ही केबल एकावर एक आल्या आहेत.

निळावंती
एक वरून आणा, दुसरी मधल्या भोकातून. आणि पत्रा लावायच्या आधी एकदा चालू करून सोळाही रॅम मोजा. बोर्ड उभा केला की एखादी हलते.

गोदाकाठ
पंधरा दिसताहेत. थांबा, बघतो.

कोपरखळी
मी तेव्हाच सांगत होतो, प्लाय आडवा ठेवता आला असता.

गोदाकाठ
सोळा. वरून तिसऱ्याची क्लिप अर्धवट होती. पत्रा लागला.